सूतभर मोठा गुलाब

माझं कपाट दारातून आत जाणार नाही, हे मिस्त्रींनी ते टेम्पोतून उतरायच्या आधीच सांगितलं होतं. ते ओट्यावर बसले होते. पांढरा लेंगा, बंडी, कानावर पेन्सिल. कपाटाकडे एकदा बघितलं, जिन्याच्या टोकाला असलेल्या दाराकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "सूतभर मोठं हाय. बसणार न्हाय."

हमालांनी अर्थातच ऐकलं नाही. कपाट दारात अडकलं ते अडकलंच. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे मला त्या दिवशी कळलं. एवढ्या लांबून तो नुसत्या डोळ्यांनी कुणाला दिसू शकतो, यावर विश्वास बसायला आणखी वर्ष जावं लागलं. मिस्त्री आत गेले आणि रंधा घेऊन आले. मला वाटलं, आता माझं कपाट तासतात. पण त्यांनी स्वतःच्या घराची चौकट तासली. जुन्या सागवानाची चौकट, भाडेकरणीच्या पत्र्याच्या कपाटासाठी. वर मलाच म्हणाले, "बाई, पुढच्या टायमाला मापं घेऊन वस्तू घ्या."

अशा घरमालकाकडे मी चार वर्षं राहिले. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मी 'बाई'. ते सगळ्या गल्लीचे 'मिस्त्री', त्यांची बायको 'चाची'. त्यांचं नाव फक्त लाइटबिलावर होतं, ते तिथंच राहू दे. घरात नवराबायको आपल्या कोल्हापुरी हिंदीत भांडायचे आणि मी जिना उतरताना दिसले की भांडण आहे तिथून मराठीत पुढं चालू व्हायचं, मला समजायला सोपं जावं म्हणून.

मिस्त्री फाउंड्रीत पॅटर्न करायचे. म्हणजे असं की, लोखंडाचा कुठलाही नग ओतायचा तर आधी तो लाकडात करावा लागतो. तो लाकडी नमुना वाळूत दाबायचा, वाळूत त्याची पोकळी उमटली की तीत वितळलेलं लोखंड ओतायचं. पण लोखंड गार होताना आटतं, आणि नंतर लेथ मशीनवर तासताना त्याची सालही थोडी निघते. म्हणून लाकडाचा नमुना मुद्दाम जरासा मोठा ठेवायचा. ह्या मोठेपणाला ते 'सूट' म्हणत. सूट किती धरायची हे ज्याला कळतं तो मिस्त्री, बाकीचे सगळे सुतार, असं त्यांचं मत होतं आणि ते सुतारांच्या तोंडावर सांगायचे.

सत्तरी गाठली तरी ते उद्यमनगरातल्या कारखान्यात रोज जात होते. कारखान्याला त्यांची गरज होती की त्यांना कारखान्याची, हे कुणी विचारलं नाही. त्यांच्या खोडी मोजायला बसले तर दिवस जाईल. दुसऱ्याच्या घरी गेले की भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचे. गाडीवरची काकडी हातात फिरवून "राउंड न्हाय" म्हणून परत ठेवायचे. त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "चालंल". चाचींनी ईदला केलेल्या शीरखुर्म्यालाही "चालंल" आणि मुलीला मिळालेल्या पहिल्या नंबरालाही "चालंल". खोडरबर मात्र त्यांनी आयुष्यात वापरलं नव्हतं. "खोडायचं न्हाय. चूक झाकली की नग दुसऱ्याच्या हातात फुटतोय."

हे ते नुसतं बोलत नव्हते. तरुणपणी एकदा त्यांचं एक माप चुकलं होतं. सगळे नग ओतून झाले, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मिस्त्री स्वतःच मालकासमोर जाऊन उभे राहिले, आणि ते नग पुन्हा भट्टीत टाकायला फोडायचे तर घणही त्यांनीच उचलला. ही गोष्ट मला चाचींनी सांगितली. सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार होती. पण ती किती खरी होती हे मला समजत होतं.

कोरोनाच्या त्या मार्चमध्ये चाची शिरोळला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि चार दिवसांनी सगळं बंद झालं. तिकडे गावांनी रस्त्यांवर काटेरी फांद्या टाकल्या, इकडे आमच्या गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले. माझं घर आजऱ्याकडे, तेही बंद. वर मी, खाली मिस्त्री, आणि गच्चीवर चाचींची बाग. बाग म्हणजे तेलाच्या आणि रंगाच्या डब्यांतली तीसेक रोपं. जास्वंद, तगर, सदाफुली, मोगरा, आणि कोपऱ्यात एक गावठी गुलाब.

त्या गुलाबाचं तेवढं सांगायला हवं. दिसायला साधा, फिकट गुलाबी, नर्सरीतल्या गुलाबांपुढे अगदीच गरीब वाटेल असा. पण त्याचा वास जिन्यापर्यंत यायचा. चाचींचं माहेर पेठ वडगावचं. आई गेली, नंतर रस्ता रुंद करताना घरही गेलं. त्या घराच्या दारातला हा गुलाब तेवढा फांदीच्या रूपानं इथं आला होता. जाताना चाचींनी बॅग उचलली आणि मिस्त्रींना बजावलं, "बाकीची मेली तर मरू द्यात. ह्यो माझ्या आईचा हाय."

"चालंल," मिस्त्री म्हणाले.

पहिले चार दिवस ते ओट्यावर नुसते बसून होते. उद्यमनगर गप्प झालं होतं. एरवी ज्या खडखडाटाला मी वैतागायचे तोच नसल्यामुळे मला झोप लागेना. मिस्त्री दोन्ही हात गुडघ्यावर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत बसायचे. "बाई, हाताला गंज चढाय लागलाय," एवढंच म्हणायचे.

पाचव्या दिवशी सकाळी आठ वाजता ते कारखान्यात जायच्या कपड्यांत जिना चढून वर आले. हातात जेवणाचा डबा. मी दार उघडलं तर म्हणाले, "ड्यूटीला चाललोय," आणि गच्चीवर गेले. पाच वाजता उतरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रविवारी सुट्टी. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. सोमवारी न राहवून मी वर गेले.

गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत त्यांनी पाट मांडला होता. जुन्या यंत्रांच्या नकाशांची एक गुंडाळी त्यांच्याकडे होती. त्या नकाशांच्या कोऱ्या पाठीवर ते फुलं काढत होते. ग्राफाइटची कडक पेन्सिल, तिला पटाशीनं तासून केलेलं धारदार टोक. समोर डब्यातली जास्वंद. आणि कागदावर जास्वंदीची तीन चित्रं: समोरून, वरून, आणि मधोमध कापून. बाजूला बाण, बाणांवर मापं. खाली चौकटीत लिहिलं होतं, 'वस्तू: जास्वंद. नग: १.'

मला हसू आवरेना. "मिस्त्री, हे फूल आहे की पंप?"

"दोन्हीला बी पाणी लागतंय," ते मान वर न करता म्हणाले.

"अहो, पण थोडी छाया तरी द्या. सावली नाही कुठं."

"सावली उनाची हाय. फुलाची न्हाय."

मी जिन्याकडे निघाले. पण खाली जाता जाता पुन्हा वळून बघितलं. मी दर वर्षी सातवीला फुलाची रचना शिकवते. पुस्तकातली आकृती फळ्यावर काढते, नावं देते, मुलं उतरवून घेतात. इतक्या वर्षांत जास्वंदीच्या त्या मधल्या दांडीवर पुंकेसर कसे चढत जातात, हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मिस्त्रींनी बघितलं होतं. एकेक मोजून काढला होता. त्या आठवड्यात मी तो कागद मोबाइलवरच्या वर्गात दाखवला आणि पहिल्यांदाच मुलांनी आपापल्या दारातली फुलं ब्लेडनं कापून आत बघितलं. दोघातिघांच्या आयांचे तक्रारीचे फोनही आले, देवाची फुलं संपवली म्हणून.

मग मीही वर जाऊन बसू लागले. मधे चांगलं अंतर, तोंडाला मास्क. मिस्त्री मला पाकळ्या मोजायला लावायचे आणि चुकले की बोलायचे. "बाई, बघून मोजा. आठवून मोजू नका." खरं सांगते, त्या दिवसांत मी एकटी रडायचे. शाळा नाही, माणूस नाही, घरून फोन आला की आवाज घट्ट करून बोलायचं. ह्या माणसानं मला धीराचा एक शब्द दिला नाही. त्यांना तसलं येतच नव्हतं. त्यांनी मला मोगऱ्याचं फूल दिलं आणि त्याचे थर मोजायला सांगितले. त्यानं मी तगले.

एकदा मी विचारलं, "तुम्हाला कंटाळा नाही येत?" त्यांनी पेन्सिलीचं टोक मला दाखवलं. "हे ग्राफाइट हाय. कारखान्यात आमी हेच साच्याला फासतोय, काळं. का, तर लोखंड वाळूला चिकटून बसू ने. नग सुटा निघावा. आता माणूस घराला चिकटून बसलाय. रोज थोडं फासायचं बगा. सुटतंय."

गुलाबाचे त्यांनी सात कागद केले. फूल, कळी, पान, काटा, काट्यांमधलं अंतर, पाकळ्यांची संख्या, सगळं. एवढ्यानं समाधान होईना तेव्हा चाची परत येतील त्यासाठी काहीतरी करायचं त्यांनी ठरवलं. गुलाबाचा डबा गंजला होता. मिस्त्रींनी साठवलेलं सागवान काढलं आणि गुलाबासाठी पेटी केली. कोपऱ्यांचे सांधे असे की नखही शिरू नये. आतून पॅटर्नचा रंग दिला, पाणी भरून दिवसभर ठेवली आणि संध्याकाळी मला बोलावून दाखवली. "थेंब न्हाय गळला."

मी म्हटलं, "वा!" विज्ञान शिकवणारी मी. मुळांना हवा लागते, जास्तीचं पाणी निघून जायला हवं, हे दर वर्षी मुलांकडून पाठ करून घेणारी मी. मी त्या पेटीवर हात फिरवला आणि "वा!" म्हटलं.

तीन आठवड्यांत गुलाब पिवळा पडला. मिस्त्रींनी पाणी वाढवलं. मग पानं गळाली. एका सकाळी त्यांनी माती उकरून मूळ हातात घेतलं, ते काळं आणि मऊ झालं होतं. त्यांना सगळं क्षणात समजलं. त्या दिवशी ते डबा न उघडता साडेदहालाच ड्यूटीवरून उतरले.

चाचींचा फोन रोज संध्याकाळी यायचा. बाळ कसं आहे ते सांगून झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला, "गुलाब कसा हाय?" मिस्त्रींना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगायचं धाडस होत नव्हतं. त्यांनी मधला मार्ग काढला. त्या प्रश्नाची वेळ आली की फोन माझ्या हातात द्यायचे, "बाई, तुमी बोला." आणि मी बोलायचे, "आहे की चाची, छान आहे." ह्याची लाज मला आजही वाटते. शंभरेक वेळा तरी बोलले असेन.

पुढं निर्बंध सैल झाले, पण बाळ अशक्त म्हणून चाची तिथंच राहिल्या. मग शिरोळचं अख्खं घर आजारी पडलं, चाचीही. सगळे वाचले. दसऱ्याच्या आधी एकदाच्या त्या परत आल्या, पार वाळून गेलेल्या. बॅग ओट्यावर ठेवून थेट गच्चीवर गेल्या. आम्ही दोघं चोरासारखे मागं.

त्यांनी रिकाम्या पेटीकडे बघितलं. बोटानं तळ वाजवला. "भोक कुठाय?"

"न्हाय," मिस्त्री म्हणाले.

"अवो, गुलाबाची हौदात बसवून वाट लावलासा की!" चाची मटकन खाली बसल्या. मिस्त्रींनी कोपऱ्यातली गुंडाळी आणून त्यांच्यासमोर पसरली. गुलाबाचे सात कागद. "नग गेला," ते म्हणाले. "पर पॅटर्न हाय. पॅटर्न असला की नग कवाबी काढता येतोय."

"कागदाला वास येतोय व्हय?" चाची कडाडल्या. मग आवाज एकदम उतरला. "आन आला तरी मला कुठं कळणार हाय. आजारात नाक गेलंय माझं. कशाचाच वास येत न्हाय. बाळाचाबी न्हाय."

मिस्त्रींनी कागदांची गुंडाळी केली आणि परत उलगडली. मी त्यांना असं हतबल कधी बघितलं नव्हतं.

पण त्यांनी पॅटर्नची गोष्ट उगाच काढली नव्हती. चाचींच्या आईनं वडगावात शेजारणीला, म्हणजे आक्काला, ह्याच गुलाबाची फांदी दिली होती. आक्का चाचींची बालमैत्रीण. शेत, चार म्हशी, दुधाचा रतीब. फक्त एक अडचण होती. आक्काच्या सुनेनं मधल्या काळात अंगणात आणखी गुलाब आणून लावले होते, त्यातलेही काही फिकट गुलाबी. वासानं चाचींनी डोळे मिटून ओळखला असता. आता वास नव्हता. होता तो फक्त कागद.

दिवाळीनंतर आम्ही तिघं एसटीनं वडगावला गेलो. मला चाचींनी मुद्दाम नेलं. "ह्यांच्या तोंडाला कुणीतरी लगाम पायजे," म्हणाल्या. तो लगाम मला धरता आला नाही.

आक्कानं चाचींना बघताच हातातली घमेली टाकली. "जैबू! अगं किती वाळलीस गं!" मिस्त्रींना "या दाजी, बसा दाजी", मला खुर्ची, सगळ्यांना चहा. मग आम्हाला गोठ्याच्या कडेला घेऊन गेली. "ह्यो बग तुझ्या आईचा. तिनं सोताच्या हातानं लावल्याला. सुनेची ती तिकडची."

मिस्त्रींनी कागद उलगडला. खिशातून मापं घ्यायचा कॅलिपर काढला. आक्का बघत राहिली. त्यांनी काटे मोजले, काट्यांमधलं अंतर मोजलं. पानं बघितली. पाकळ्या मोजल्या. प्रत्येक वेळी मान डोलावली. मग फुलाला कॅलिपर लावला, एका, दुसऱ्या, तिसऱ्या फुलाला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"सूतभर ल्हान हाय," ते म्हणाले. "ह्यो न्हाय."

"काय म्हणालासा?"

"रिजेक्ट."

आक्काचं 'दाजी' तिथंच संपलं. "पावणं, माझ्या दारात हुबं ऱ्हाऊन मला खोटी पाडाय आलाईसा व्हय? ही फांदी रोवली तवा मी हितं हुती. तुमी हुतासा?" मग ती चाचींकडे वळली. "तू सांग जैबू. तू वास घे आन सांग. तुझं नाक मला खोटं पाडंल तर मी मानंन."

चाचींनी मास्क खाली ओढला. वाकल्या. फूल दोन्ही हातांत धरून खूप वेळ श्वास घेत राहिल्या. मी माझ्या आयुष्यात इतकं कुणाला कशासाठी प्रयत्न करताना बघितलेलं नाही. मग त्या सरळ झाल्या. डोळे भरले होते. "मला वास येत न्हाय गं आक्का."

आक्काला आजाराचं काहीच माहीत नव्हतं. तिला वाटलं, मैत्रीण नवऱ्याची बाजू घेऊन बोलणं टाळते आहे. तिनं अंगणात राहिलेला मिस्त्रींचा न संपलेला चहाचा कप उचलला आणि आत निघून गेली. चाची तिला समजावायला दारापर्यंत गेल्या, दार उघडलं नाही. आम्ही स्टँडवर आलो. येताना एसटीत चाची आमच्या मधल्या जागेवर न बसता पुढं ड्रायव्हरमागं जाऊन बसल्या.

त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. बोलायचं असलं तर माझ्यामार्फत. "बाई, त्यास्नी सांगा भाकरी झाल्या." मिस्त्री तीन फुटांवर असायचे. त्यांची मात्र खात्री होती, माप खोटं बोलत नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, सूतभराचं काय घेऊन बसलात? फूल आहे ते." तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या चौकटीवर खिळा ठोकला.

आठ-दहा दिवसांनी मला वर्गासाठी फोटो हवा होता. खरं फूल आणि चित्र शेजारी. मी गच्चीवरून ताजी जास्वंद तोडली आणि गंमत म्हणून ती चित्राच्या शेजारी न ठेवता नेमकी चित्रावरच ठेवली. फूल रेघेच्या आत बसलं. चहूबाजूंनी सारखी मोकळी जागा राहिली, डोळ्यांत भरण्याइतकी.

मी खाली जाऊन म्हटलं, "मिस्त्री, तुमची जास्वंद फुगली आहे."

ते हसले नाहीत. कागद माझ्या हातातून घेतला, जिना चढून वर गेले. सदाफुली तोडली, सदाफुलीच्या कागदावर ठेवली. तगर तगरीवर. मोगरा मोगऱ्यावर. प्रत्येक फूल रेघेच्या आत, आणि प्रत्येकाभोवती मोकळी जागा तेवढीच. मिस्त्री पाटावर बसले. स्वतःचा उजवा हात डाव्या हातात धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले.

"सूट धरलीया," ते शेवटी म्हणाले. "बाई, मी न्हाय धरली. ह्या हातानं धरली. पन्नास वर्सं धरतोय, त्याला कुठं ठावं की फूल आटत न्हाय म्हणून." मग कागद गुंडाळत म्हणाले, "ती बाई खरी हुती. माझा कागद खोटा."

मी म्हटलं, चाचींना सांगू, त्या आक्काला फोन करतील. त्यांनी मान हलवली. "रिजेक्ट मी तिच्या दारात केलाय. फोनवर न्हाय."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते ओट्यावर आले आणि चाचींना, मला मधे न घेता, म्हणाले, "चल. वडगावला जायचंय. माझी चूक हाय." चाचींनी चपला घातल्या. मलाही सोबत घेतलं.

आक्का दारातच होती, धार काढायची भांडी घासत. उठली नाही. "आता काय मोजायला आलाईसा पावणं?"

मिस्त्री अंगणात उभे राहिले. कागद उलगडला आणि तिच्यासमोर धरला. "बाई, तुमचं फूल बरुबर हाय. माझं माप चुकलं. तुमास्नी मी खोटं म्हणालो, ते मी परत घेतो." मग खिशातून पेन्सिल काढली, कागद गोठ्याच्या भिंतीला टेकवला आणि गुलाबाच्या चित्राखाली लिहिलं: 'काढताना सूतभर सूट धरली गेली. चूक माझी. नग बरोबर.' खाली सही केली, अख्ख्या नावाची. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या नगांवर शेरे मारलेला माणूस स्वतःच्या चित्रावर शेरा मारत होता. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

तोपर्यंत चाची आक्काजवळ जाऊन बसल्या होत्या, तिला नाकाचं सांगत होत्या. आक्काच्या हातातलं भांडं खाली आलं. "अगं, मग तवाच बोलायचं न्हाईस व्हय! मला वाटलं..." तिनं पदर डोळ्यांना लावला. मग हात पुसून उठली, कागद मिस्त्रींच्या हातातून घेतला आणि पहिल्यांदाच नीट बघितला. बराच वेळ बघितला.

"काटाबी मोजून काढलाय की," ती म्हणाली. "दाजी, च्या ठेवते. आज सगळा पिऊन जावा."

फांद्या तिनं तीन दिल्या, शेणामातीत गुंडाळून. निघताना मात्र कागद परत देईना. "ह्यो हितंच ऱ्हाऊ दे माझ्याजवळ. उद्या माझा गुलाब गेला तर?" मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. त्यांची मान जराशी ताठ झाली होती. पिशवीतले बाकीचे सहा कागदही त्यांनी तिला देऊन टाकले.

घरी आल्यावर त्यांनी सागवानी पेटी उलटी केली आणि तिच्या तळाला गिरमिटानं भोकं पाडली. प्रत्येक भोकाला त्यांचा चेहरा दुखल्यासारखा व्हायचा. तीनपैकी एक फांदी जगली. थंडी सरता सरता तिला कळी आली.

मला तोवर गावाकडच्या शाळेत नोकरी मिळाली होती. निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो दाराशी उभा होता, कपाट ह्या वेळी न अडकता बाहेर आलं होतं, आणि मिस्त्री ओट्यावर बसून दोरीच्या गाठी तपासत होते. तेवढ्यात गच्चीवरून चाचींची हाक आली. "अवो! अवो, हिकडं या!" आम्हाला वाटलं, पडल्याच. मी धावले. मिस्त्री माझ्या मागोमाग, गुडघे धरत.

कळी उमलली होती. चाची पेटीजवळ उकिडव्या बसल्या होत्या, नाक फुलाला लावून, डोळे गच्च मिटून. आम्ही आल्याचं कळलं तरी हलल्या नाहीत.

"आला?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांना धाप लागली होती.

चाचींनी मान डोलावली. आला.

"किती?"

चाचींनी डोळे न उघडताच हात वर केला, अंगठा आणि बोट जवळ आणलं, मधे बारीकशी फट ठेवली.

"सूतभर."

मिस्त्री त्यांच्याशेजारी फरशीवर बसले. कानावरची पेन्सिल काढली, उगाच हातात फिरवली आणि परत कानावर ठेवली.

"पुरं की," ते म्हणाले.